येतो म्हणून गेलेला

चहा संपला तसा मी उठलो आणि जवळचं दार बघून त्याच्या कडीला हात घातला. म्हातारी शेगडीपाशी होती. ती अशी चपळाईनं आली की मला वाटलं, माझ्यामागं काहीतरी पडलं. तिनं माझा हात धरला, कडीवरनं काढला आणि मान हलवली. ह्या दारानं नाही.

तेव्हा मी त्या दाराकडं नीट बघितलं. कडी गंजून गेलेली. बाजूच्या खुंटीवर टोपी आणि मेंढ्याच्या शिंगाची मूठ असलेली काठी. खाली उंबऱ्यापाशी घरात घालायच्या कापडी सपाता, पुरुषाच्या मापाच्या. टाचा दाराकडं आणि तोंड घराकडं. म्हंजे बाहेरनं आलेल्यानं बूट काढले की पाय सरळ सपातांत जावेत. आणि त्या सपातांकडं तोंड करून एक काळंपांढरं म्हातारं कुत्रं पडलेलं. मी आत आल्यापासून त्यानं माझ्याकडं बघितलंपण नव्हतं.

मला वाटलं, दार फुगलं असेल. जुनी घरं, पावसाचा मुलूख.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी आनंदा. एसटीवर ड्रायव्हर होतो, सगळी नोकरी आटपाडीला काढली. शाळा सातवीपर्यंत, त्यातली निम्मी मास्तरांच्या म्हशीमागं. बायको, आमची हौसा, गेली, त्याच्या पुढच्या वर्षी पोरानं मला तिकडं स्कॉटलंडला नेलं. मी घरात उंबऱ्यावर बसून राहतो, आत जात नाही की बाहेर जात नाही, असं गावातल्या कुणीतरी त्याला फोनवर सांगितलेलं. पोरगा अमर तिथं हॉटेलच्या भटारखान्यात होता आणि सून सारिका नर्स. घरोघर फिरून म्हाताऱ्या माणसांच्या पट्ट्या, गोळ्या, सुया बघायची.

गावाचं नाव लेडरकर्क. बाजाराचं गाव. चारी बाजूंनी डोंगर आणि डोंगरावर माणसं कमी, मेंढरं जास्त. ते बघून मला जरा बरं वाटलं. मधोमध चौक, चौकात उंच दगडी खांब. त्या खांबाभोवती शेकडो वर्षं मेंढरांचा बाजार भरायचा म्हणे. आता शनिवारी तिथं साबण, मुरंबा आणि चीज विकतात. मी आटपाडीच्या बाजारात वाढलेला माणूस. बाजार भरलाय आणि गलका नाही म्हणल्यावर मी सारिकाला विचारलं, "गावात कोण वारलंय का?"

खांबाशेजारी आणखी एक दगड होता, लढाईला गेलेल्यांच्या नावांचा. सारिकानं वाचून दाखवला. एकेका आडनावाची तीन-तीन, चार-चार नावं.

"परत आले त्यांची नावं कुठायत?" मी विचारलं.

"ती कशाला लिहितील, मामा?"

ते मला काही पटलं नाही, पण गाव त्यांचं.

दुपारचं जेवण झालं की मी चालत सुटायचो. गाव संपलं की ओढा, ओढ्याच्या कडेनं पायवाट, मग कमरेएवढ्या दगडी भिंती, एकावर एक नुसते रचलेले दगड, ना चुना ना माती. त्या भिंती डोंगरावर चढत जायच्या आणि ढगात शिरायच्या. त्या दिवशी ढगच खाली आला. धुकं कसं, तर माझाच हात मला दुसऱ्याचा वाटावा. मी ड्रायव्हर माणूस. दिसेना झालं की गाडी बाजूला घ्यायची, मर्दुमकी करायची नाही. भिंतीला हात लावून उभा राहिलो. तेवढ्यात वरनं बाईमाणसाची हाक आली. काय म्हणत होती ते कळलं नाही, पण हाक कुणाला मारतायत ते कुठल्याही भाषेत कळतं. हाकेच्या रोखानं गेलो, तर फाटक, फाटकाशी म्हातारी, मागं दगडी घर.

तिनं नाव विचारलं. म्हणलं, "आनंदा."

"अँडी?"

"अंडी नको बाई. आनंदा."

"अँडी," ती म्हणाली आणि खुशीत हसली. मग मी नाद सोडला. ती नॅन. तिनं चहा दिला, मऊ पडलेली बिस्किटं दिली. आम्ही बसलो. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. कुणाचं काही अडलं नाही.

धुकं उचललं तसा मी निघालो. मागच्या दाराचं ते झालं, मग तिनं मला पुढच्या दारापाशी आणलं. आता आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जातो म्हणून जाणारा चौघांच्या खांद्यावरनं जातो. माझं इंग्लिश म्हंजे गाडी फुल्ल, मागं सरका एवढंच. जिभेवर होतं ते इंग्लिशमध्ये घातलं.

"ओके. आय कम."

ती थांबली. "यू कम?"

"येस, येस. आय कम."

तिनं आणखी काहीतरी विचारलं. मला वाटलं, आपल्याकडं विचारतात तसंच असणार, परत या, लवकर या. मी मान डोलावली. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला कोटाची बटनं लावावीशी वाटली. फाटकापर्यंत गेलो आणि वळून बघितलं, तर ती दारातच. पुढच्या वळणावर बघितलं, तरी दारातच.

दुसऱ्या दिवशी सारिका कामावरनं आली ती अंगातला कोटपण न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, काल वरच्या शेतावर गेला होता? इलियटबाईंच्या घरी?"

"आडनाव माहीत नाही. म्हातारी, कुत्रं, चहा."

"तिला काय म्हणाला तुम्ही?"

"मी काय म्हणणार? चहा गोड म्हणलं. येतो म्हणलं."

"इंग्लिशमध्ये?"

"मग काय कानडीत?"

सारिका खुर्चीत बसली. ती म्हातारी तिच्याच फेरीतली होती. मग तिनं सांगितलं ते असं. म्हातारीनं रात्रीचं ताट माझ्यासाठी वाढून ठेवलेलं. मी येतो म्हणालो होतो, आजच का म्हणून तिनं विचारलं, तर मान डोलावली होती. अंधार पडला, धुकं परत उतरलं, मी आलो नाही. तिला वाटलं, माणूस आपल्या घरातनं निघाला आणि डोंगरात चुकला. ती बॅटरी घेऊन फाटकात जाऊन बसली. सकाळी मेंढरांची पेंड घेऊन येणाऱ्याला दगडावर बसलेली सापडली, अंगावरचा कोट भिजून लाकूड झालेला. हाक मारून मारून आवाज बसलेला.

"आता कशी आहे?"

"आता बरी आहे. पण मामा, असं तिनं पूर्वीपण केलंय. गुरुवारी डॉक्टर आणि कचेरीची माणसं येणारायत. तिला त्या घरात एकटीला ठेवायचं नाही, गावातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात हलवायचं, असं ठरत आलंय."

"आणि ती काय म्हणते?"

"ती म्हणते, मी गेल्यावर येणाऱ्याला दार कोण उघडंल?"

अमर आला, त्याला कळलं. तो म्हणाला, "तात्या, आता तिकडं फिरकू नका. आपण इथं परके. भलतंच अंगावर यायचं."

"अर्ध्या वाटेत पॅसेंजर सोडून मी कधी गाडी डेपोत लावली नाही," मी म्हणलं. "सारिका, उद्या मला वर घेऊन चल. तू बोल, मी सांगतो."

अमर म्हणाला, "ह्यांचं नेहमीचं," आणि भांडी घासायला लागला. तो चिडला की भांडी घासतो. आईचीच सवय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं गेलो. धुकं होतंच, पण विरळ, उकळत्या भातावरच्या वाफेसारखं. नॅनबाईनं दार उघडलं आणि मला बघून तिनं आधी माझ्या बाहीला हात लावला. खरा आहे का बघितलं. मग सारिकाला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तू आलास. उशीर झाला, पण आलास."

मी खाली मान घातली. बसलो. कुत्रं त्याच जागी, सपातांकडं तोंड करून. सारिकाला म्हणलं, हिला नीट समजावून सांग. आमच्या मुलखात निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. त्याचा अर्थ संध्याकाळी जेवायला येतो असा नाही. जाण्यालाच आम्ही येणं म्हणतो.

सारिकानं सांगितलं. म्हातारीनं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "सगळेच तसं म्हणतात?"

"सगळेच."

"आणि सगळे येतात?"

"बहुतेक येतात."

"जे येत नाहीत ते?"

"तेपण येतो म्हणूनच गेलेले असतात," मी म्हणलं.

ती हसली. आवाज बसलेला, त्यामुळं हसणं नुसतंच दिसलं. मग तिनं मागच्या दाराकडं बोट केलं आणि घशातल्या घशात बोलायला लागली. सारिका हळूहळू मराठीत सांगत गेली.

तिचा नवरा विल. बर्फ पडत होतं आणि मेंढरं वर अडकलेली. तो ह्या दारानं गेला. इथंच सपाता काढल्या, बूट चढवले आणि म्हणाला, "आय ॲम अवे."

"म्हंजे?"

"इथं निघताना असं म्हणतात, मामा. अवे म्हंजे लांब. मी लांब."

"निघायच्या आधीच लांब?"

"रीत आहे त्यांची."

तो लांब तो लांबच. सगळं गाव डोंगरावर शोधायला गेलं. बर्फ वितळल्यावर काठी सापडली, ती आता खुंटीवर होती. वर दलदल आहे. मेंढरांची हाडं ती कधीमधी बाहेर टाकते, माणसाची टाकत नाही. कुत्रं तेव्हा पिल्लू होतं. तेव्हापासून ते तिथं पडायला लागलं आणि म्हातारीनं त्या दाराला कडी घातली ती घातली.

"हिला विचार, तो 'लांब' म्हणाला तेव्हा ही काय म्हणाली?"

सारिकानं विचारलं. म्हातारीनं हातातला कप फिरवला.

"काही नाही म्हणाली. म्हणते, मी पाव भाजत होते. मी वळलेपण नाही."

शेगडीत लाकूड खचलं. मग नॅनबाईनंच मला विचारलं, "तुमच्यात माणूस 'येतो' म्हणाला, की घरातलं काय म्हणतं?"

"या म्हणतं."

"या."

"हां. ते ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. सारिका, हिला सांग, मी बसचा ड्रायव्हर. मागनं कंडक्टरची डबल बेल पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. तसंच ते."

ते ऐकून म्हातारी उठली. दारापाशी जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडं न बघता एक वाक्य बोलली.

"काय म्हणते, पोरी?"

"म्हणते, ह्या दारानं जा. त्यानं जे म्हणायला पाहिजे होतं ते तू म्हण. मला जे म्हणायला पाहिजे होतं ते मी म्हणते."

खरं सांगतो, मला नको वाटलं. दुसऱ्याच्या जाण्यात आपण कशाला पाय घालायचा? पण फाटकात भिजून बसलेली म्हातारी माझ्या शब्दानं बसलेली. सारिकाला म्हणलं, लोणी आण.

कडीला लोणी लावलं, बोटानं आत सरकवलं, वरनं कपाच्या बुडानं ठोकलं. तिसऱ्या-चवथ्या ठोक्याला कडी सुटली. दार ओढलं तशी चौकटीतनं माती पडली. बाहेर मागचं अंगण, अंगणापलीकडं भिंत, भिंतीपलीकडं डोंगर. डोंगर दिसत नव्हता, पण तो आहे हे कळत होतं, जसं अंधाऱ्या खोलीत कोण बसलंय ते कळतं तसं.

सपातांवरनं पाय टाकवेना. बाजूनं सरकून बाहेर गेलो. अंगणाच्या मध्यावर थांबलो. मागं बघितलं नाही. निघणाऱ्यानं बघायचं नसतं.

"येतो," मी म्हणलं. मराठीतच म्हणलं. मोठ्यानं म्हणलं.

काहीच नाही. धुकं. कुठंतरी एक मेंढरू खोकलं.

मग आतनं आवाज आला. "या."

आणि माझ्या उजव्या अंगाला घासून वारं गेलं, डोंगराकडनं घराकडं. वारंच असणार. पण भिंतीवरचं गवताचं पातंपण हललं नव्हतं. ओल्या लोकरीचा वास आला आणि गेला.

मी तिथंच उभा. माझे पाय उचलंनात, आणि ते वाऱ्यामुळं नाही. त्या 'या'मुळं. शेवटाला जरा ओढून, जरा वर नेऊन म्हणलेलं. जन्मभर पहाटेच्या ड्युटीला निघताना मी ते ऐकलेलं. चुलीपुढनं, अंथरुणातनं, कधी रागातपण, पण ऐकलेलं. एकदाच ऐकलं नव्हतं. मिरजेच्या दवाखान्यात मी हौसाला म्हणलं, "खालनं चहा घेऊन येतो गं." ती म्हणाली, "जाते मी." मी म्हणलं, "असं बोलू नये. निघालोय मी, तू 'या' म्हण." ती नुसती हसली. चहा घेऊन वर आलो, तर तिच्या तोंडावर चादर ओढलेली. उंबऱ्यावर बसून मी काय करत होतो, हे गावाला कळलं नव्हतं ते हेच. आत जायचं नव्हतं मला. पण 'या' म्हणल्याशिवाय बाहेर तरी कसं जायचं?

तोंड पुसलं आणि घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत गेलो. मागचं दार सताड उघडं होतं. कुत्रं आपल्या जागेवर नव्हतं. ते शेगडीपुढं, मोकळ्या खुर्चीच्या पायाशी वेटोळं करून झोपलेलं, नाक शेपटीत. नॅनबाई खाली बसून त्या सपाता खुर्चीसमोर ठेवत होती. एकीला एक लावून, शेगडीची ऊब लागेल अशा. मी आलेलो तिला कळलं असणार, पण तिनं वर बघितलं नाही. सारिका भिंतीला टेकून उभी. तिनं मला खुणेनं बाहेर चला म्हणलं.

निघताना मी काहीच म्हणलं नाही. म्हणायची गरज नव्हती. म्हातारीनं हात वर केला, शेजाऱ्याला करतात तसा, आणि शेगडीत लाकूड घातलं.

गाडीत बसलो. सारिका गाडी चालू करीना. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर पुढं.

"चल की," मी म्हणलं. "बाई मोठी हुशार. एकदाच सांगितलं, पण 'या' म्हणली बघ. आपल्या माणसासारखं म्हणली. तू शिकवलंस व्हय परत?"

"कोण म्हणलं, मामा?"

"नॅनबाई."

सारिकानं माझ्याकडं बघितलं.

"तिला शब्दच फुटला नाही. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही, बसलेला होता. मग मी म्हणणार होते तिच्या वतीनं, तेवढ्यात कुत्रं उठलं. उठून दारापर्यंत गेलं, कुणाच्यातरी पायात घोटाळावं तसं घोटाळलं आणि मागं मागं खुर्चीपर्यंत आलं. त्यामुळं मीपण गप्प झाले. आत कुणीच काही म्हणलं नाही, मामा."

मग तिनं गाडी चालू केली.

गुरुवारी डॉक्टर आले, कचेरीची माणसं आली. म्हातारीनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, आता मी फाटकात बसणार नाही, यायचं कुणी राहिलं नाही. सारिका महिनाभर रोज चक्कर मारून बघत होती. फाटकात कुणी बसलेलं तिला दिसलं नाही. मग त्यांनी म्हातारीला तिच्या घरीच राहू दिलं. पुढं दोन हिवाळे ती तिथं राहिली आणि तिथंच, शेगडीपुढं गेली. मागच्या दाराला तिनं परत कडी घातली नव्हती, असं सारिकानं फोनवर सांगितलं.

मी त्याच वर्षी डिसेंबरात गावी आलो. अमर म्हणत होता, राहा अजून. म्हणलं, मला घरातनं निघायचंय. तो म्हणाला, "घरातनं निघायला घरी चाललाय?" म्हणलं, "हां."

आता रोज सकाळी निघतो. देवळाकडं, बाजारात, कुठंतरी. दाराबाहेर उभा राहून 'येतो' म्हणतो आणि जरा थांबतो. शेजारची शालन अंगण झाडता झाडता विचारते, "तात्या, मोकळ्या घराला काय सांगताय? आणि थांबलाय कशाला?"

"बेलची वाट बघतोय," मी म्हणतो.

"आणि पडली का?"

"पडली की निघतोच की."

आणि निघतो.